हद्दीवरचा कासोबा

मी एक जुना कासोबा आहे, म्हणजे काळ्या दगडाचे कासव. मित्रांनो, माझी मान वाकडी आहे हे आधीच सांगून टाकतो बरे. मला पाहणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो आणि मग हसतो. मलाही आता त्या हसण्याची सवय झाली आहे. कुणी हसले नाही तर चुकल्यासारखे वाटते.

माझा जन्म धारचा. तिथे गणोजी नावाचा एक पाथरवट होता. त्याचे वाडवडील मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून माळव्यात आले आणि इथलेच झाले. एका नव्या महादेवाच्या देवळासाठी त्याला कासव घडवायचे होते. देवासमोर जमिनीत बसवतात ना, तसे. पाठ, पाय, शेपूट सगळे मनासारखे उतरले, आणि मानेपाशी आल्यावर दगडात केसासारखी बारीक चीर दिसली. मान सरळ काढली असती तर पहिल्याच घावाला तुटली असती. उजव्या अंगाला दगड चांगला होता. गणोजीने मला बराच वेळ न्याहाळले आणि माझी मान उजवीकडे वळवून काढली. तोंडावर थोडे हसूही आले. ते त्याने मुद्दाम काढले की हातून उतरले, हे मला आजवर कळलेले नाही.

देवळाचे भटजी मला बघायला आले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "गणोजी, अरे कासवानं महादेवाकडे बघायचं की वाटेकडे?"

"महाराज, देवाकडं बघणारे समदेच हायेत," गणोजी म्हणाला. "येणाऱ्याकडं कुणीतरी बघाया नको का?"

भटजी हसले, पण मला काही त्यांनी नेले नाही. सरळ मानेचे दुसरे कासव देवळात गेले आणि मी गणोजीच्या दारात दगडांच्या कपच्यांत पडून राहिलो.

तिथून मला अक्काने उचलले.

अक्का लहानपणीच विधवा झालेली. धारला माहेरच्या घरी जपजाप्य, पोथी आणि नेमधर्म यांत दिवस काढत होती. तिचा धाकटा भाऊ विश्वासराव देवासला दरबारात कारकून होता. त्याची बायको तापाने गेली आणि पाठीमागे राहिली छोटी मालन. तिला सांभाळायला म्हणून तो अक्काला न्यायला आला होता. बैलगाडी गणोजीच्या दारावरून निघाली. मालन आईच्या आठवणीने सारखी रडत होती. मला पाहून ती रडायची थांबली आणि तिने आपली मान माझ्यासारखी वाकडी केली.

"विश्वास, गाडी थांबव," अक्का म्हणाली. "याला घेऊ."

"अक्का, हा नापास झालेला दगड आहे!"

"असू दे. देवळात नाही बसवला, दारात बसेल. पोर हसली, बघितलंस ना?"

असे आम्ही चौघे एकाच गाडीने देवासला आलो. वाटभर मालन माझ्या पाठीवर बसली होती आणि तिला धरून अक्का. धार सुटताना अक्काने डोळ्यांना पदर लावला. मला मात्र मान वळवावी लागली नाही. माझी वळलेलीच होती. मी धारकडे बघत बघतच आलो.

आता देवासची एक गंमत तुम्हाला सांगायला हवी, नाही तर पुढचे सगळे अवघड जाईल. त्या काळी देवास गाव एक, पण राजे दोन. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. रस्त्याची ही बाजू एका राजाची, ती बाजू दुसऱ्याची. विश्वासराव थोरल्या पातीचे, आणि त्यांना लागून राहणारे कृष्णराव धाकट्या पातीच्या शाळेत मास्तर. दोन्ही घरांच्या मधे एकच बाग होती. त्या बागेतून दोन राज्यांची हद्द जाते असे सगळे म्हणत. नेमकी कुठून जाते, हे कुणाला ठाऊक नव्हते आणि कुणाला विचारायचेही नव्हते. बागेच्या मध्यावर पारिजातकाचे झाड होते. झाडाच्या पलीकडे, कृष्णरावांच्या अंगाला, गवतात माझी जागा झाली. धड तुळशीकडे म्हणजे विश्वासरावांच्या घराकडे, आणि तोंड वळून कृष्णरावांच्या ओसरीकडे.

कृष्णराव मोठे थट्टेखोर. संध्याकाळी ओसरीवरून ओरडायचे, "विश्वासराव, तुमचा कासोबा बघा! पाय थोरल्या पातीत, डोळे धाकट्या पातीत. तुमचं खातो आणि आमच्यावर जीव टाकतो!"

"खातो कुठं? तो आपला वाऱ्यावर जगतो," विश्वासराव म्हणायचे. "नजर ठेवायला बसवलाय तुमच्यावर."

ते दिवस आठवले की आजही माझा दगड ऊबदार होतो. पावसाचे पाणी माझ्या पाठीवरच्या खोलगटात साचे आणि चिमण्या त्यात अंग भिजवून जात. मालन शाळेत जाताना माझ्या डोक्यावर टप्पल मारी. कृष्णरावांच्या पत्नी सुमंगला, त्यांना मूलबाळ नव्हते, त्या मालनची वेणी माझ्या पाठीवर बसवूनच घालीत. आणि पहाटे अक्का येई.

अक्काचे चातुर्मासाचे नेम कडक असत. त्या वर्षी तिने संकल्प केला होता की रोज ओंजळभर पारिजातक स्वतः वेचून बाळकृष्णाला वाहायचा आणि तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. ज्या दिवशी ओंजळ भरणार नाही, त्या दिवशी पानावर बसायचे नाही. पारिजातकाला तुम्ही जाणताच. हे फूल तोडायचे नसते. रात्रभर उमलून ते पहाटे आपणहून जमिनीवर येते. तेच वेचून देवाला द्यायचे. अक्का ओणवी होऊन एकेक फूल उचली. माझ्या पाठीवरची फुले ती सगळ्यात शेवटी घेई, आणि घेताना मला नमस्कार करी. मी देवळात गेलो नव्हतो तरी माझ्या वाट्याला रोज थोडी पूजा येत होती, मित्रांनो.

आश्विन उजाडला. नवरात्रात मुलींचा भोंडला असतो. पाटावर हत्तीचे चित्र काढायचे आणि त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची. मालन तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. मैत्रिणी पाट आणायला निघाल्या तशी ती म्हणाली, "हत्ती कशाला गं? हत्ती काय सगळ्यांकडेच असतो. आपण कासोबाला मधे बसवू!"

झाले. विहिरीचा जुना दोर माझ्या पायांना बांधला आणि मुलींनी खिदळत खिदळत मला झाडाखालून अलीकडे, विश्वासरावांच्या अंगणातल्या मोकळ्या जागेजवळ ओढत आणले. माझ्या डोक्यावर झेंडूची माळ चढली. फेरावर फेर झाले. सुमंगलाबाईंनी खिरापत आणली आणि झाकण हाताखाली दाबून म्हणाल्या, "ओळखा बघू काय आहे? कासोबा, तुला वास येतोय, तू सांगू नकोस हं!" असे कौतुक मी जन्मात पाहिले नव्हते. मग अंधार पडला, मुली आपापल्या घरी पळाल्या, आणि मला परत माझ्या जागी न्यायचे तेवढे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोजणीचा अमीन आला. दोन्ही दरबारांनी मिळून हद्दीची मोजणी काढली होती. विश्वासराव आणि कृष्णराव दोघेही आपापल्या कामावर गेलेले. सुमंगलाबाई परक्या पुरुषासमोर आल्या नाहीत. अंगणात होती एकटी अक्का, हातात फुलांची परडी आणि तोंडाला मौन.

अमीनाने साखळी जमिनीवर टाकली आणि इकडे तिकडे बघून विचारले, "बई, हद को भाटो कठे हे? यो काछबोज हे कंई?" म्हणजे हद्दीचा दगड कुठे आहे, हा कासवच आहे का?

अक्काने घाईने हात उंच केला. तिला सांगायचे होते, थांबा, एवढी फुले वाहून येते आणि बोलते. अमीनाला वाटले, बाई होकार देताहेत.

"वा, खास भाटो घडायो हे!" असे म्हणून त्याने माझ्यावरून चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ सरळ ओढत नेली. अक्का पळतच देवघरात गेली. फुले वाहून ती बाहेर येईतो अमीन पुढच्या गल्लीत गेलाही होता. जाताना गल्लीतल्या एका माणसाजवळ निरोप ठेवून गेला: दिवाळीनंतर येऊन पक्के दगड गाडू, तोवर कासवाला हात लावू नका.

त्या रेघेने पारिजातकाचे सबंध झाड कृष्णरावांच्या हद्दीत गेले.

संध्याकाळी विश्वासराव आले, रेघ पाहिली, मला पाहिले आणि त्यांचा तोल सुटला. "कासव इथं आलं कसं? मोजणी यायची हे मास्तरांना दरबारातून कळलं असणार. रात्रीत दगड सरकवला!"

हे कृष्णरावांनी ओसरीवरून ऐकले. एरवी थट्टा करणारा तो माणूस पांढराफटक पडला. "मी? मी दगड सरकवीन, विश्वासराव? चोर समजलात मला?"

"बाबा, मी ओढला त्याला, भोंडल्याला!" मालन रडत म्हणाली. सुमंगलाबाईंनीही नवऱ्याला तेच सांगितले. दोन्ही घरांत खरे काय ते त्याच रात्री कळले. पण मित्रांनो, शब्द सुटला होता. विश्वासराव म्हणाले, "असेल. पण झाड त्यांच्याकडे गेल्यावर ते गप्प का? त्यांनी यावं आणि म्हणावं." कृष्णराव म्हणाले, "मी जाऊ? त्यानं मला भर अंगणात चोर म्हटलंय. आधी त्यानं यावं." दोघेही गेले नाहीत. विश्वासरावांनी घरात बजावले, "या घरातलं कुणी त्या रेघेपलीकडे पाऊल टाकणार नाही."

दुसऱ्या पहाटे अक्का परडी घेऊन आली आणि रेघेपाशी उभी राहिली. पलीकडे झाडाखाली फुलांचा सडा पडला होता. अलीकडे होतो मी, आणि माझ्यावर वाऱ्याने येऊन पडलेली चार फुले. परक्याच्या जमिनीवरचे फूल तिला चालत नव्हते, आणि भावाचा शब्द मोडणेही तिच्याच्याने होत नव्हते. सुमंगलाबाई केळीच्या पानावर फुले भरून घेऊन आल्या, पण ती तिने स्वतः वेचलेली नव्हती. अक्काने मान हलवून हात जोडले आणि माझ्या पाठीवरची तेवढी फुले उचलली. मी रेघेवरच होतो ना! माझी पाठ ना थोरल्या पातीची, ना धाकटीची.

ओंजळ भरली नाही. अक्का पानावर बसली नाही. कपभर दूध घेऊन ती पोथी वाचत बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. विश्वासराव अर्ध्या ताटावरून उठून जात. "अक्का, काही फुलं बाजारातून आणतो," ते म्हणाले.

"बाजारातला पारिजातक कुणी पाहिलाय का रे?" ती हळूच म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. कार्तिकी एकादशी काही फार लांब नाही."

पण पाणी काढताना ती विहिरीच्या काठाला धरून उभी राहू लागली. मालनला आईचे जाणे आठवत होते. एके दुपारी ती माझ्यापाशी येऊन बसली, माझ्या वाकड्या मानेला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "कासोबा, चाल ना रे परत! तुला पाय आहेत ना? मी ढकललं तर बाबा म्हणतील त्यांची जमीन घेतली. तू आपला आपण जा. हळूहळू गेलास तरी चालेल. अक्का मरेल रे नाही तर."

मला पाय होते. नुसते दगडाचे होते. त्या दिवसाइतके दुःख मला गणोजीच्या दारातल्या कपच्यांतही झाले नव्हते.

पण मेंदीच्या झुडपांआड उभे राहून ते सुमंगलाबाईंनी ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्या आल्या. अनवाणी, पदर खोचलेला, हातात भिजवलेले गोणपाट. ते त्यांनी माझ्या पोटाखाली सारले आणि दोन्ही हातांनी मला ओढले. आपल्याकडे ओढले, झाडाच्या दिशेने. मी वीतभर सरकलो. त्या धापा टाकीत माझ्या पाठीवर टेकल्या आणि पुटपुटल्या, "काय रे जड आहेस तू! अक्कांनी एवढा नैवेद्य कधी दाखवला तुला?"

रोज वीतभर. दवाने गवत ओले असायचे, तेवढीच मदत. मी झाडाजवळ जाऊ लागलो तशी माझ्या अलीकडच्या जमिनीवर फुले वाढू लागली. फक्की पावसाच्या एका सरीने केव्हाच पुसली होती. आता हद्द म्हणजे मीच. मालन टाळ्या पिटत घरात गेली. "बाबा, कासोबा चालतोय!" विश्वासराव म्हणाले, "काहीतरीच." पण त्या दिवशी ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. अक्काला मात्र गवतावरची ओढल्याची खूण दिसली, दवातली पावले दिसली. पायातल्या जोडव्यांची खूणही तिला कळली असेल. तिने मौनातच त्या पावलांवर एक फूल ठेवले.

एका पहाटे सुमंगलाबाई मला ओढत असताना मागून आवाज आला.

"अगं, हे काय चाललंय?"

कृष्णराव उभे होते. सुमंगलाबाई दचकल्या, पण माझा पाय त्यांनी सोडला नाही. "कासव घरी नेतेय," त्या म्हणाल्या.

"आणि आपली जमीन?"

"जमीन इथंच आहे हो, ती कुठं जाते? अक्का चालल्यात. ज्या घरच्या पोरीनं मला माया लावली, त्या घरचं माणूस आपल्या दारात उपाशी ठेवून मला जमीन नको."

कृष्णरावांनी धोतराचा काचा मारला. "हो बाजूला. असं ओढलंस तर पाठीत उसण भरेल." आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले.

तेवढ्यात पलीकडच्या ओसरीवर दात घासत विश्वासराव आले. अर्धवट उजेडात त्यांना दिसले ते एवढेच, की कृष्णराव कासवाला धरून ओढताहेत. तांब्या तिथेच टाकून ते ओरडले, "कृष्णराव! पुन्हा दगड सरकवताय?"

"सरकवतोय!" कृष्णराव तितक्याच मोठ्याने ओरडले. "पण डोळे असतील तर कुठल्या बाजूला ते तरी बघा!"

विश्वासरावांनी पाहिले. मी झाडाखाली होतो आणि तोंड कृष्णरावांच्या घराकडे करून चाललो होतो. हा माणूस स्वतःची जमीन सोडत होता. विश्वासरावांच्या तोंडातली राखुंडी तशीच राहिली. त्यांच्या मागे परडी घेऊन अक्का उभी होती. मौन होते म्हणून तिने नुसता हात उंच केला, अमीनासमोर केला होता तसाच, आणि मग माझ्याकडे बोट दाखवले. या वेळी त्या हाताचा अर्थ कुणी चुकला नाही. विश्वासराव पायऱ्या उतरून आले आणि माझ्या मागे वाकले.

"तुम्ही ओढा. मी ढकलतो," ते म्हणाले, आणि मग खाली मान घालून, "कृष्णराव, माझी जीभ झडावी."

"जीभ राहू दे, जोर लावा," कृष्णराव म्हणाले. "तुमच्यासारखाच जड आहे लेकाचा."

गवतात माझी जुनी जागा अजून तशीच होती. इतकी वर्षे बसून जमिनीत माझा आकार उतरला होता. पाठ, पाय आणि उजवीकडे वळलेल्या मानेचा छोटासा खळगा. मी त्यात जाऊन बसलो आणि मान बरोबर त्या खळग्यावर आली. त्या दिवशी अक्काची ओंजळ भरून सांडली. फुले वाहून तिने मौन सोडले आणि पहिला शब्द उच्चारला तो असा: "सुमंगले, आज कढी तुझ्या हातची वाढ गं मला."

दिवाळीनंतर अमीन आला. मला झाडाच्या पलीकडे पाहून त्याने पागोटे मागे सारून डोके खाजवले. "काय हो, यो काछबो चाले हे कंई?"

"हाव भिया, चाले हे," दोघे एकदमच म्हणाले. मग त्यांनी त्याला बसवून खरी हकिगत सांगितली, फराळाचे दिले, आणि हद्द जिथे कुणाला ठाऊक नव्हती तिथेच राहिली.

पुढे बरीच वर्षे गेली. मालन लग्न होऊन धारला गेली. अक्का एका एकादशीला जप करता करता गेली. विश्वासरावांच्या मागे त्यांच्या घरात भाडेकरू आले. त्यांना माझा इतिहास ठाऊक नव्हता. कुणी माझ्यावर धुणे आपटले, कुणी गाडीचे चाक अडवायला मला लावले, आणि माझी शेपटी एका दुपारी तुटून पडली. पारिजातकही वठला. माझ्याभोवती इतके गवत माजले की चिमण्यांनाही मी दिसेनासा झालो. तोंड कृष्णरावांच्या ओसरीकडे होते म्हणून तेवढी सुमंगलाबाईंची ये-जा दिसत होती. कृष्णराव गेल्यावर त्या फार वाकल्या. तरी उन्हाळ्यात तांब्याभर पाणी माझ्या पाठीवर घालून जात.

मग एक दिवस मालन आली. केस थोडे पांढरे झालेले, बरोबर तिची लेक. गवत बाजूला सारून तिने मला शोधले, ओल्या फडक्याने पुसले, आणि मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले. "कासोबा," ती म्हणाली, "चालतोस का माझ्याबरोबर? या वेळी गाडी आणलीय."

गडी मला उचलू लागले तेव्हा काठी टेकत सुमंगलाबाई आल्या. त्यांनी काठी मालनच्या हातात दिली आणि एक हात माझ्या पोटाखाली घातला.

"थांबा रे," त्या गड्यांना म्हणाल्या. "याला वीतभर मी ओढते. मग न्या."

मित्रांनो, आता मी धारला मालनच्या अंगणात आहे. तिने शेजारी पारिजातकाचे रोप लावले आहे. ते माझ्या मानेएवढे झाले आहे. तुमच्या बागेत, कुंपणाशी, असा एखादा जुना, वेडावाकडा दगड पडला असेल तर त्याला हसा, पण त्याच्यावर धुणे आपटू नका. तांब्याभर पाणी घाला, चिमण्या येतील. आणि शेजारच्या घराशी अबोला धरला असेल, तर पहाटे उठून हद्दीचा दगड जरा आपल्याकडे ओढून पाहा. जड असतो, मला माहीत आहे. पण दवाने गवत ओले असते, तेवढी मदत होते.